नोकरी सोडण्याआधी एक छोटा गेम विकून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सॉफ्टवेअरमधली सहा वर्षांची नोकरी, वर्षभर पुरेल एवढी बचत, आणि तीन वर्षं डोक्यात घोळणारा एक मोठा ओपन-वर्ल्ड आरपीजी, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिथे फिरत एक पात्र होऊन खेळायचा गेम, ज्यात खेळाडूनं काल काय केलं ते गावातली माणसं लक्षात ठेवतात. राजीनामा कधी द्यावा, असं तुम्ही विचारलंय. मी गेली नऊ वर्षं एकटीनं गेम करून घर चालवतेय. माझं उत्तर असं, की राजीनामा आत्ता नको. आणि तो आरपीजी पहिला गेम म्हणून तर नकोच.

तुमच्या कोडिंगबद्दल मला शंका नाही. घोडं अडतं ते गेम पुरा करण्यापाशी आणि पुरा झालेला गेम विकण्यापाशी. ही दोन्ही कामं करूनच शिकता येतात, आणि मोठ्या गेमवर शिकायला गेलं तर फार महाग पडतात. माझ्या पहिल्या गेमला मी आठ महिने धरले होते, लागले २६. आठव्या महिन्यात सगळ्या लेव्हल खरोखरच खेळता येत होत्या. पुढचं दीड वर्ष गेलं ते मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तरी सेव्ह फाइल बिघडू नये यात, लहान स्क्रीनवर अक्षरं वाचता यावीत यात, गेमपॅडवर खेळणाऱ्यांसाठी सगळे मेनू पुन्हा मांडण्यात, बटणं बदलायची सोय करण्यात. आणि गेमच्या पहिल्या दहा मिनिटांत. ती मी सात वेळा नव्यानं केली. सुरुवातीच्या अंदाजात यातलं काहीच धरलेलं नव्हतं, आणि खेळाडूला मात्र नेमकं हेच जाणवतं.

तुम्ही स्टारड्यू व्हॅलीचं उदाहरण दिलंत. तो गेम एरिक बॅरोननं एकट्यानं केला आणि २०१६च्या फेब्रुवारीत बाजारात आणला हे खरं, पण त्यामागे साधारण साडेचार वर्षांचं काम होतं. त्या काळात तो एका थिएटरमध्ये अर्धवेळ नोकरी करत होता आणि घरखर्चाला त्याच्या जोडीदाराचा आधार होता. तुमच्या हातात एक वर्ष आहे. त्यापेक्षा व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स बघा. लुका गॅलांतेनं तो आधी इच.आयओ या गेमच्या संकेतस्थळावर टाकला, मग डिसेंबर २०२१मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा होण्याआधीच, तीन डॉलरच्या आत विकायला ठेवला आणि लोक खेळत असताना वाढवत नेला. २०२३मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. तसं यश तुम्हाला मिळेलच असं मी म्हणत नाही. मला दाखवायचाय तो क्रम: छोटं, खेळण्याजोगं, लवकर लोकांसमोर.

आता पैशाचं. स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, ते गेमची कमाई १,००० डॉलरवर गेली की परत मिळतात. पहिल्यांदा ही फी भरल्यावर गेम प्रकाशित करायला ३० दिवस थांबावं लागतं, आणि ‘लवकरच येत आहे’ असं पान निदान दोन आठवडे आधी दिसावं लागतं. विक्रीतला ३० टक्के वाटा स्टीम ठेवतं. अनेक देशांत छापील किमतीतच विक्रीकर असतो, काही लोक गेम परत करतात, आणि बरीचशी विक्री सवलतीच्या काळात होते. माझ्या वहीत छापील किमतीच्या निम्म्याहून कमीच रक्कम उरते, त्यावर आयकर वेगळा. शिवाय एका महिन्याच्या विक्रीचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतात. म्हणजे तुमची वर्षभराची बचत प्रत्यक्षात दहा महिन्यांचं काम आहे, आणि तेही काहीच लांबलं नाही तर.

परताव्याची भीती मात्र बाळगू नका. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, म्हणून छोटा गेम लोक संपवून परत करतील असं अनेकांना वाटतं. माझ्याकडचे परतावे तपासले तेव्हा बहुतेकांनी पहिल्या वीस मिनिटांतच गेम सोडला होता. ट्रेलरमध्ये धावपळ दाखवली होती आणि गेम होता शांत, विचार करायला लावणारा. दुसऱ्या गेमच्या ट्रेलरमध्ये पहिल्या पाच सेकंदांत प्रत्यक्ष खेळच दाखवला, लोगोसुद्धा शेवटी नेला, आणि परतावे कमी झाले.

स्टोअरचं पान गेम संपल्यावर करायचं काम नाही, हेही मी उशिरा शिकले. गेम कसा दिसणार हे ठरलं की पान उघडा, म्हणजे लोकांना तो विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, टाकायला वेळ मिळतो. गेम आला की विशलिस्टमध्ये ठेवणाऱ्याला स्टीमच मेल पाठवतं. नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या डेमोंच्या महोत्सवात, एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तेव्हा अर्धकच्चा डेमो घेऊन तिथे जाऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकानं अशीच ती संधी घालवली, आणि वर्षभरानं गेम खरोखर सुंदर झाला तेव्हा परत जायला वाट नव्हती. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

इंजिन, म्हणजे गेम ज्यावर बांधायचा ते तयार सॉफ्टवेअर, निवडण्यात आठवडे घालवू नका. युनिटी या इंजिनच्या कंपनीनं २०२३मध्ये इन्स्टॉलवर शुल्क लावायचं जाहीर केलं आणि वर्षभरानं मागे घेतलं, त्या धक्क्यानं बरेचजण गोडो या दुसऱ्या इंजिनकडे वळले. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे. जे येतं ते वापरा.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचा नोकरीचा करार. आज संध्याकाळी काढून वाचा. काही करारांत कामाच्या वेळेबाहेर केलेली निर्मितीही कंपनीची ठरते असं कलम असतं. तसं दिसलं तर वकिलाला दाखवा आणि कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, त्याआधी एक ओळही लिहू नका. संगीत किंवा चित्रं दुसऱ्याकडून घेणार असाल तर गेममध्ये, ट्रेलरमध्ये आणि पुढच्या आवृत्त्यांत वापरायचे हक्क कागदावर हवेत, मित्र असला तरी. फॉन्टचा परवानासुद्धा बघा, तो सगळे विसरतात.

मग सुरुवात कशी करायची? तुमच्या आरपीजीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ती लक्षात ठेवणारी माणसं. तेवढंच घ्या. एक घर, तीन माणसं, खेळाडूचे पाच दिवस. नकाशा नको, लढाई नको. नोकरी सांभाळून सहा महिन्यांत ते विकण्याजोगं होऊ शकतं, नाही झालं तर आणखी काटछाट करा. दर दोन आठवड्यांनी एका नव्या माणसाला खेळायला बसवा आणि त्याच्या मागे गप्प बसा. तो चुकला तरी सांगायचं नाही, हे फार अवघड जातं. कुठे थांबला, काय दोनदा दाबलं, तेवढं टिपून घ्या. माझे सगळे चांगले निर्णय अशा टिपणांतून आले आहेत.

असे दोन गेम विकून झाले, त्यांतून दर महिन्याला थोडं का होईना येऊ लागलं, आणि दीड वर्षाचा घरखर्च बाजूला असला, की राजीनाम्याचा विचार करा. तेव्हाही महिन्यातले काही दिवस बाहेरची कंत्राटी कामं धरून ठेवा. इतरांच्या गेमचं पोर्टिंग, म्हणजे ते दुसऱ्या यंत्रांवर चालतील असं करून देणं, मी तिसऱ्या गेमपर्यंत करत होते, आणि त्यामुळेच तिसरा गेम घाईनं विकायला काढावा लागला नाही.

त्या एका घराचा प्रोटोटाइप झाला की मला पाठवा, चित्रांऐवजी नुसते चौकोन असले तरी चालतील. मी खेळून बघेन आणि कुठे अडले ते मिनिटांसकट लिहून कळवेन.