जांभ्याच्या जुन्या घराला सिमेंटचं प्लास्टर करू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राजापूरजवळ आजोबांनी बांधलेलं जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, वर मंगळुरी कौलं, आत काकू एकट्या. भिंतींना कमरेपर्यंत ओल चढते. मध्यंतरी केलेलं सिमेंटचं प्लास्टर फुगून पडतंय, पडवीच्या दोन वाशांना वाळवी लागलीय. कंत्राटदार म्हणतो, सगळं खरवडून वॉटरप्रूफिंग केमिकल घातलेलं नवं प्लास्टर करू आणि कौलं उतरवून पत्रे टाकू. हे करावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

प्लास्टर तर मुळीच करू नका. पत्र्यांचं शेवटी सांगतो.

जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून चिरे तासता येतात. हवा लागली की कठीण होतो. पण कठीण झाला तरी पाणी प्यायचं सोडत नाही. पावसाळ्यात पितो आणि पुढचे आठ महिने वाऱ्या-उन्हात ते सोडत राहतो. जुन्या लोकांनी त्यावर चुना लावला, कारण चुनाही पाणी सोडू देतो. सिमेंट ही वाट बंद करतं. जमिनीतून पाणी येतच राहतं, बाहेर पडायला जागा नाही, मग ते वर चढतं. त्यातले क्षार प्लास्टरच्या मागे साचून त्यांचे स्फटिक होतात आणि ते प्लास्टर ढकलून देतात. पडलेली एखादी खपली उलटून बघा. तिच्या पाठीला चिऱ्याचा लाल थर चिकटलेला दिसेल. म्हणजे दर वेळी नुसतं प्लास्टर पडत नाही, भिंतही थोडी झिजते. केमिकल घातलं तर हेच आणखी वर, छातीएवढ्या उंचीवर होईल.

दुसऱ्या टोकाची चूकही सध्या फार दिसते: प्लास्टर काढून चिरा उघडा ठेवायचा आणि वर वॉर्निश मारायचं. दिसतं सुंदर. पण जुन्या गोव्यात बॉम जेझसची बॅसिलिका बघून या. १६०५ सालची वास्तू, बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो काढून टाकला, आणि तेव्हापासून तिथला जांभा पावसाने झिजतोय. गिलावा परत करावा की नाही यावर अजून वाद चालू आहे. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाच्या तोंडाच्या भिंतीला चुन्याचं कातडं हवंच.

आता सुरुवात. गवंड्याच्या आधी फावडं घ्या. जुन्या घराचं जोतं मूळचं चांगलं उंच असतं, पण वर्षानुवर्षं अंगणात माती पडत जाते, कुणीतरी पेव्हर ब्लॉक बसवतं, आणि जोतं बुडतं. घराभोवतीची माती उतरवून किमान हातभर जोतं उघडं करा. पागोळ्या जिथे पडतात तिथून घरापासून दूर उतार देत चर काढा, तळाशी दगड भरा. आषाढात कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं हे काकूंना पक्कं ठाऊक असेल. चराची दिशा त्यांना विचारून ठरवा. आणि ओटी-माजघरात सारवलेली जमीन काढून चकचकीत लादी बसवली असेल, तर तेही कारण धरा. पूर्वी जमिनीतली ओल सगळीकडून उडून जायची, आता ती लादीखालून सरकत भिंतीतच शिरते. निदान एका खोलीत तरी चोपून, सारवून जमीन परत करता आली तर करा.

ओल वरून येते की खालून हेही बघून घ्या. खालून आलेल्या ओलीला वरच्या बाजूला आडवी रेघ असते आणि रेघेवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी. वरून आलेली असेल तर तपकिरी ओघळ दिसतात आणि ते थेट फुटक्या कौलापर्यंत जातात.

चर झाला की दिवाळीनंतर सिमेंट छिन्नी-हातोड्याने हाताने काढा, ब्रेकर लावू देऊ नका. भिंत उघडी ठेवून सुकू द्या. लोणा दिसेल तो कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जाईल. माघात चुन्याचं काम सुरू करून शिमग्याच्या आत उरकलं, की मृगापर्यंत भिंतीला तीन महिने मिळतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कठीण होतो आणि त्याला घाई चालत नाही.

चुना कळीचा आणा, म्हणजे भाजलेला पण अजून पाणी न लागलेला. पिशवीतली चुना पावडर बहुतेक वेळा दुकानात पडून निकामी झालेली असते. खड्ड्यात किंवा पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात थोडी थोडी कळी सोडा, उलट करू नका. पाणी खदखदून उकळतं, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. मग तो पाण्याखालीच मुरत ठेवायचा, निदान महिनाभर. चांगला मुरलेला चुना घट्ट दह्यासारखा थापीवर बसतो. तो गाळून एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. समुद्राची वाळू स्वस्त मिळाली तरी नको, तिच्याबरोबर मीठ भिंतीत जाईल. खालच्या हातभर पट्ट्यात वाळूतला एक भाग कमी करून मंद भाजलेल्या विटांची सुरखी, म्हणजे पूड, घाला, म्हणजे ओलीतही चुना धरतो. थर बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नको, आणि आठवडाभर गोणपाट ओला करून भिंतीवर टांगायचा.

हिरड्याचं पाणी, गूळ, उडीद, मेथी, बेलफळ यांवर लोक तासन् तास भांडतात. हिरडा आणि थोडा गूळ मीही घालतो, मिश्रण छान चढतं. पण चुना किती मुरला आणि प्लास्टर किती दिवस ओलं ठेवलं, याने त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो. वर रंग म्हणून चुन्याची सफेदीच. प्लास्टिक इमल्शन मारलंत तर सगळी मेहनत फुकट.

वाशांकडे या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वासा भिंतीपासून मध्यापर्यंत ठोकत जा. जिथे आवाज पोकळ होतो तिथपर्यंत वाळवी किंवा कूज गेलीय. बहुतेक वेळा भिंतीत शिरलेलं टोकच गेलेलं असतं, बाकी वासा खणखणीत. तेवढं टोक कापून त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा सांधा करता येतो. ऐन, किंजळ, फणस यांचं पाडलेल्या घरांतलं लाकूड मिळतं, आणि नव्या ओल्या लाकडापेक्षा ते केव्हाही बरं. टोकाभोवती सिमेंट थापायचं नाही, हवेला फट ठेवायची. काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला लावायची आपली पद्धत चांगली आहे, फक्त कातडीवर पडलं तर फोड येतात. भिंतीवरची वाळवीची मातीची नळी मोडा आणि ती जमिनीत कुठे जाते तिथे उपाय करा. भिंतीला टेकवलेली लाकडं, जुने खोके आजच हलवा.

पत्र्यांबद्दल. २०२०च्या निसर्ग वादळानंतर आणि पुढच्या वर्षीच्या तौक्तेनंतर पुष्कळांनी कौलं काढली. माकडांचा त्रास किती आहे तेही मी जाणतो, त्यामुळे ज्यांनी पत्रे घातले त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पत्र्याखाली काकूंना वैशाखात दुपार काढणं कठीण जाईल, आणि पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. मंगळुरी कौलाला मागच्या बाजूला तारेसाठी भोक असतं, ते बहुतेक कुणी वापरत नाही. पागोळीकडच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांची कौलं तांब्याच्या तारेने रिपांना बांधा. वादळात उचलली जातात ती आधी हीच. आढ्यावरचे कोने चुन्यात बसवा. हे काम शाकारणीबरोबरच घ्या, कारण कौलं खाली उतरलेली असतात तेव्हाच कुजक्या रिपा बदलायला मिळतात.