शनिवार आला की पोट दुखायचं

"मॅडम, दोन घरांत वाढली तर पोर ना इकडची राहायची ना तिकडची, मग कोण कधी भेटणार हे लिहून तरी कशाला द्यायचं?" घटस्फोट झाल्यावर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आया हे हमखास विचारतात. वडील वेगळ्या शब्दांत विचारतात, महिन्यातून दोनदा पाहुण्यासारखं भेटून ती माझी राहील का, पण पोटातली भीती एकच असते. म्हणून आज एका कुटुंबाबद्दल लिहितेय, ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

मुलगी सात वर्षांची, दुसरीत. आई तिला घेऊन माहेरी, जुळे सोलापुरात राहते. वडील पुण्याला नोकरीला, त्यांचे आईवडील इथंच अशोक चौकाकडे. सहमतीनं घटस्फोट झाला, कोर्टात आरडाओरडा नाही काही नाही, आणि कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींत, मुलीबद्दल दीड ओळ होती. ताबा आईकडे, वडील सोयीनुसार भेटतील. आता ही सोय कुणाची ते कुठंच लिहिलेलं नाही, आणि सगळी भांडणं त्या एका शब्दातनं निघत होती.

वडील शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेस पकडायचे, ती संध्याकाळी पुण्यातनं सुटते आणि इथं पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. ते स्टेशनवरनं रिक्षा करून थेट मुलीच्या दारात. त्यांच्या बाजूनं बघितलं तर बिचारा माणूस आठवडाभर वाट बघून आलेला असायचा. पण पोर झोपलेली असायची, तिला तसंच उचलायचं, चप्पल एक सापडायची एक नाही, आणि तिची चादर घरीच राहायची. आपली साधी सोलापुरी चादर, धुवून धुवून मऊ पडलेली, तिच्याशिवाय तिला झोप लागत नाही. मग रात्री अकराला फोन, चादर का दिली नाही, मुद्दाम ठेवून घेतली, तुम्ही आधी सांगत का नाही, आणि हे सगळं पोरीच्या उशाशी चाललेलं.

थोड्या दिवसांनी शनिवारी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. आईला वाटलं तिकडं काहीतरी खायला घालतात, वडिलांना वाटलं आई शिकवून पाठवतीय.

मी मुलीशी एकटीशी बोलले. तुला कुणाकडं राहायचंय हे मी मुलांना कधीच विचारत नाही, तुम्हीपण विचारू नका, कारण काहीही उत्तर दिलं तरी एका माणसाला दुखवल्याचं ओझं तिच्यावरच येतं. मी एवढंच विचारलं की शनिवारी काय काय करतेस. ती बराच वेळ माझ्या टेबलावरचे क्रेयॉन रंगाप्रमाणं लावत बसली, आणि मग हळूच म्हणाली, "बाबांकडं पावभाजी खाल्ली ते आईला सांगायचं नाही. आईनं फ्रॉक घेतला ते बाबांना सांगायचं नाही." मी विचारलं, असं कुणी सांगितलं तुला? "कुणी नाही. मीच ठरवलंय."

मला ते ऐकून फार वाईट वाटलं, खरंच. दोन घरं असल्यामुळं ती बिथरली नव्हती. एका घरातला आनंद दुसऱ्या घरात लपवून ठेवायचं काम तिनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं, आणि ते सात वर्षांच्या पोटाला झेपत नव्हतं.

तेव्हा त्या आईच्या प्रश्नाला माझं उत्तर हे की पोर दोन घरांत वाढते, पण उद्या काय होणार हे तिला माहीत पाहिजे आणि निरोप्याचं काम तिच्याकडं नको. लिहून ठेवायचं ते यासाठी.

आम्ही तीनदा बसलो. पहिली बैठक पैशातच गेली. तिथं मी एकच गोष्ट धरून बसले, की फी थकली म्हणून भेट बंद आणि भेट दिली नाही म्हणून फी बंद असं करायचं नाही, पैशाचं भांडण पैशाच्या रस्त्यानं, वकिलाकडं न्या, पोरीचा शनिवार त्यात ओढू नका. मुलीची आजी त्या दिवशी सोबत आली होती, ती रडवेली होऊन म्हणाली, "पोरगी मोठी झाली की बापाकडंच देतेत म्हणं, मग आताच कशाला सवय लावायची?" हा गैरसमज फार ठिकाणी ऐकते म्हणून सांगते. हिंदू कुटुंबांसाठी 1956 चा कायदा आहे, त्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असं म्हटलंय, पण पाच पूर्ण झाली की आपोआप वडिलांकडे असं अजिबात नाही, कोर्ट मुलाचं हित बघतं. दोन दिवस बापाकडं हसतखेळत राहिली म्हणून ताबा जात नाही हो आजी. तेव्हा कुठं ती शांत झाली.

मग खरं काम सुरू झालं. एकाआड एक आठवडा, पण शुक्रवारी रात्री नाही, शनिवारी सकाळी नऊला, पोरीचा नाश्ता झाल्यावर. रविवारी संध्याकाळी सहाला परत. वडील म्हणाले मला दारात तासभर उभं करतात, आणि खोदून विचारल्यावर कळलं की त्या दिवशी नळाला पाणी आलेलं होतं! तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, ते आलं की घरात दुसरं काही सुचायचं नाही, हे सोलापूरच्या माणसाला काय सांगायचं, पण पुण्याला राहून ते त्यांच्या लक्षातनं गेलं होतं आणि अपमान म्हणून मनात बसलं होतं. लिहिलं मग, अर्धा तास मागंपुढं चालेल, आणि मुलीला आजोबा खाली आणून सोडतील. चादर आणि औषधाची पिशवी बॅगेत आहे का हे पाठवणाऱ्यानं बघायचं, पोरीनं नाही.

फोन बुधवारी आठला, दहा मिनिटं, तेव्हा आईनं शेजारी उभं राहायचं नाही आणि वडिलांनी घरी कोण आलं होतं विचारायचं नाही. ताप आला तर त्याच दिवशी मेसेज, शाळा बदलायची तर दोघं मिळून. दिवाळीत लक्ष्मीपूजन एकीकडे तर भाऊबीज दुसरीकडे, पुढच्या वर्षी उलट. गड्ड्यावरनं, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेवरनं, मात्र दोघंही हटेनात, दोघांचंही बालपण त्या यात्रेत गेलेलं. शेवटी संक्रांतीच्या सुमाराचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, एक वर्ष आईसोबत, एक वर्ष बाबांसोबत, आणि पाळण्यांची जत्रा पुढंही बरेच दिवस असते तर दोघांनी एकेक संध्याकाळ घ्यायची.

येणं रद्द होणार असेल तर गुरुवारपर्यंत, आणि मुलीला ते वडिलांनी स्वतः सांगायचं. हे मी आग्रहानं लिहून घेतलं, कारण आधी एकदा आई रागात "बाबा विसरले" म्हणून गेली होती.

हा कागद घरात ठेवून भागत नाही, वकिलामार्फत कोर्टात देऊन आदेशाचा भाग करून घ्या, नाहीतर कुणी मोडला तर हातात काही राहत नाही. आणि आज लिहिलं ते कायमचं अडकलं असंही नाही, हिंदू विवाह कायदा 1955, कलम 26, त्यात मुलांबद्दलचा आदेश नंतर बदलून मागता येतो. मूल दहावीला गेल्यावर दुसरीचं टाइमटेबल कसं चालेल?

एक कळकळीनं सांगते, जिथं मारहाण झालीय, दारू पिऊन धिंगाणा झालाय, तिथं हे असलं समजुतीचं काही करत बसू नका. तिथं आधी सुरक्षितता, भेट झालीच तर कोर्टाच्या देखरेखीखाली.

पोटदुखी लगेच थांबली नाही. तिसऱ्या महिन्यात वडिलांनी एक शनिवार चुकवला, गुरुवारी कळवलंही नाही, आईनं मला फोन करून संताप केला आणि तो बरोबरच होता. पण कागद होता, त्यावर बोट ठेवून बोलता आलं, जुनं सगळं उकरावं लागलं नाही. मुलीनं आजोबांच्या कॅलेंडरवर बाबांच्या शनिवारांना हिरवा गोल करायला सुरुवात केली होती, त्या शनिवारचा गोल तिनं खोडला आणि पुढच्याला दोन काढले.

जानेवारीच्या शेवटी दोघी माझ्याकडं आल्या. मुलगी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगायला लागली की बाबांसोबत मोठ्या पाळण्यात बसले, वरनं सगळा तलाव दिसतो, बाबा घाबरले मी नाही घाबरले. आई शेजारीच होती. आधी जरा गप्प झाली, मग विचारलं, "कितीदा बसलीस गं?"

"तीनदा! आणि पावभाजीपण खाल्ली."