वाचक विचारतात: डॉक्टरांच्या ट्रेनिंगला सरकारी पैसा कशाला?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत मेंबर आहे. आमच्या पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर आणि सिस्टर मध्ये जिल्ह्याच्या गावी ट्रेनिंगला गेले होते, विषय काय तर म्हणे अँटिबायोटिक जपून कशी वापरायची. तेवढे दिवस लोकं येऊन परत गेली. डॉक्टर एवढी वर्षं शिकून डिग्री घेऊन आलेत, मग त्यांना परत शाळेत घालायचं आणि भत्ता सरकारनं द्यायचा, हे कशासाठी? इकडे औषधं बाहेरून आणायला लागतात. तो पैसा औषधांवर घातला तर काय बिघडेल?

उत्तर: मेंबरसाहेब, ओपीडी बंद ठेवून सगळ्यांना एकदम ट्रेनिंगला न्यायचं हे मलाही पटत नाही, त्याच्यावर पुढे बोलतो. पण पैसा वाया गेला असं मात्र म्हणू नका.

काय आहे, डिग्री झाली तरी डॉक्टरचं शिक्षण चालूच असतं, ते कोणी ना कोणी देतच असतं, प्रश्न फक्त कोण देतं एवढाच. कुठल्याही तालुक्याच्या गावी दुपारी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बघा, पेशंट संपायची वाट बघत बॅग घेऊन एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, बसलेला असतो. आत गेला की दोन-तीन मिनिटं, एक चकचकीत कार्ड, दोन सॅम्पल आणि "सर, हे नवीन कॉम्बिनेशन, रिझल्ट मस्त आहेत". बिचारा त्याचं काम करतो, त्याच्यावर माझा राग नाही, पण त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट आहे आणि "सर, हे औषध कमी लिहा" असं सांगायला कुठली कंपनी कुणाला पगार देणार? गावातल्या एकट्या डॉक्टरला नव्या औषधाची खबर बहुतेक वेळा याच बाकावरून मिळते. मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला 5 वर्षांत पुढच्या शिक्षणाचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात, ते जमवायला कॉन्फरन्स, आणि कॉन्फरन्सच्या दारात कंपन्यांचे स्टॉल. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये कंपन्यांसाठी नवीन आचारसंहिता काढली, डॉक्टरांना भेटवस्तू नाही, फॉरेनच्या ट्रिपा नाही वगैरे, चांगलं झालं. पण विकणाऱ्याचा हात आखडला म्हणून न विकणारा शिक्षक आपोआप येत नाही ना, त्याचा खर्च कुणीतरी उचलायलाच लागतो, आणि ज्याला काही विकायचं नाही असा माणूस म्हणजे शेवटी आपला, जनतेचाच पैसा.

आता शिकवायचं काय? लोकांना वाटतं "अँटिबायोटिक देऊ नका" एवढंच सांगतात. तसं नाहीये. आपल्याच जिल्ह्याचं बघा. जुलैमध्ये लावणी चालू, माणूस दिवसभर चिखलात उभा, पायाला कुठे तरी कापलेलं, आणि चार-आठ दिवसांनी ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल. हा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. लेप्टो बॅक्टेरियानं होतो, उंदराच्या नाहीतर गुरांच्या लघवीतून पाण्यात येतो, इथं डॉक्सीसायक्लिन लगेच चालू करायला हवी, रिपोर्टची वाट बघत बसलं तर कावीळ, किडनी, फुप्फुस असं सगळं ओढवतं. जास्त धोक्याच्या गावात शेतात उतरणाऱ्यांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन आधीच देतात तीही हीच (गरोदर बायका आणि लहान मुलांना नाही, आणि कुणीही मनानं घ्यायची नाही). त्याच ओपीडीत त्याच दिवशी डेंग्यूचा ताप येतो, तो व्हायरसचा, त्याला अँटिबायोटिक शून्य उपयोगाची. दोडामार्ग-सावंतवाडीकडे 2016 पासून काजूच्या दिवसात माकडताप, गोचिडीमुळे होणारा, तोही व्हायरसच. तिन्ही पेशंट तापानं फणफणलेले आणि तिघांच्या बरोबर आलेले लोक म्हणणार, सुई मारल्याशिवाय ताप जाणा नाय. आता डॉक्टरनं काय करायचं? घाई असली की तिघांना अझिथ्रोमायसिन लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. खरं तर एकाला जुनी स्वस्त गोळी तातडीनं हवी आणि दोघांना अँटिबायोटिक अजिबात नको. हा फरक कॉलेजच्या पुस्तकात असतो, पण कोकणातल्या पावसाळ्यात तो कसा ओळखायचा हे इथंच शिकायला लागतं.

डब्ल्यूएचओनं 2017 पासून अँटिबायोटिकचे तीन गट केलेत. पहिल्या गटात रोजच्या वापराची, अमॉक्सिसिलिन, डॉक्सीसायक्लिन अशी. दुसऱ्यात जपून वापरायची, त्यात आपली लाडकी अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम दोन्ही. तिसऱ्यात राखीव, कोलिस्टिनसारखी, आयसीयूतली शेवटची. 2024 च्या सप्टेंबरमध्ये युनोत सगळ्या देशांनी ठरवलं की 2030 पर्यंत माणसांना दिलेल्या अँटिबायोटिकपैकी निदान 70 टक्के पहिल्या गटातली असावीत. आणि आपल्याकडे जरा खोकला आला की दुसऱ्या गटापासूनच सुरुवात. अशी नको तिथं वापरली की बॅक्टेरिया औषधाला जुमानेनासे होतात. 2019 या एका वर्षात जगात औषधाला न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांमुळे थेट 12.7 लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. त्यामुळे "औषधांवर पैसा घाला" हे तुमचं म्हणणं बरोबर, पण ती औषधं उद्या लागू पडायला हवीत ना.

आता तुमचा राग जिथं बरोबर आहे तिथं येतो. हॉलमध्ये बसवून दिवसभर स्लाइड दाखवायच्या, जेवण, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट, झालं. याचा उपयोग फार थोडा, आणि तोही महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. ज्याचा उपयोग होतो ते स्वस्त आहे. इंग्लंडमध्ये 2014 मध्ये एक प्रयोग झाला, सगळ्यात जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या 20 टक्के दवाखान्यांतल्या निम्म्यांना सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचं साधं पत्र गेलं की तुमच्या भागातल्या 80 टक्के दवाखान्यांपेक्षा तुम्ही जास्त लिहिता. बस्स. पुढच्या सहा महिन्यांत ज्यांना पत्र गेलं नाही त्यांच्यापेक्षा यांचं लिहिणं 3.3 टक्क्यांनी कमी, म्हणजे 73 हजारांवर चिठ्ठ्या वाचल्या. खर्च काय, तर टपालाचा.

आपल्याकडे हेच करायचं तर मेडिकल कॉलेजचा एक माणूस (आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्हीकडे सरकारी कॉलेज आहे) तीन महिन्यांतून एकदा पीएचसीत यावा, ओपीडी झाल्यावर तीसेक जुने केस पेपर काढावेत, नावं झाकावीत आणि डॉक्टर-सिस्टर-फार्मासिस्ट सगळ्यांनी मिळून बघावं. निदानाच्या रकान्यात नुसतं "ताप" लिहिलंय का काही कारण लिहिलंय, औषध कुठल्या गटातलं, किती दिवस. मी असे पेपर बघितलेत, निदानाची जागा कोरी आणि खाली "टॅब अझी 500 ओडी बाय 3" (अझिथ्रोमायसिनची गोळी, दिवसातून एकदा, तीन दिवस) असा फराटा. लिहिणारा स्वतःच बघून हसतो, कुणी ओरडायला लागत नाही. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना पत्रच लिहिलं की अँटिबायोटिक लिहिताना कारण चिठ्ठीवर लिहा. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच, गावातला पहिला डॉक्टर बहुतेक वेळा खाजगी बीएएमएस (आयुर्वेद) नाहीतर बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो, आणि सरकारी ट्रेनिंगच्या यादीत त्याचं नाव सहसा नसतंच. पैसा सरकारी माणसापाशी थांबतो, पेशंट थांबत नाही.

पैसा येतो कुठून ते मेंबर म्हणून तुम्हाला माहीत हवं. पीएचसीची बरीचशी ट्रेनिंग राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतात, त्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचे 60 आणि राज्याचे 40. राज्य दरवेळी आराखडा पाठवतं, केंद्र मंजूर करतं, आणि ते मंजुरीचं कागद अभियानाच्या वेबसाइटवर असतं, ट्रेनिंगचं हेड त्यात शोधा. अँटिबायोटिकचा पहिला राष्ट्रीय आराखडा 2017 चा, त्यात राज्यांनी आपापला करायचा होता, केरळनं 2018 मध्ये सगळ्यात आधी केला, बाकीची बरीच राज्यं मुदत संपेपर्यंत हललीच नाहीत, कारण साधं, आराखड्याबरोबर राज्याच्या हातात वेगळे पैसे नव्हते. दुसरा आराखडा नोव्हेंबर 2025 मध्ये आलाय, 2029 पर्यंतचा. तेव्हा जिल्हा परिषदेत माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका आणि किती ट्रेनिंग झाली एवढंच विचारू नका. ट्रेनिंगनंतर तुमच्या पीएचसीत कुठलं अँटिबायोटिक किती गेलं, आधीचं तिमाही आणि नंतरचं, ते मागा. स्टॉक रजिस्टरला असतंच ते, द्यायला लागेल.

प्रश्न: मेडिकल स्टोअर आहे, गुहागर तालुका. गिऱ्हाईक रिकामी स्ट्रिप घेऊन येतं, "ह्याच्यातल्या दोन द्या". नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातं. ट्रेनिंग फक्त डॉक्टरला का, आम्हाला कोण विचारतो?

उत्तर: बरोबर बोललात भाऊ, हा पैसा काउंटरपर्यंत यायलाच हवा. नियम तुम्हाला पाठ असेल, सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन वगैरे मार्च 2014 पासून शेड्यूल एच वनमध्ये (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची जास्त कडक यादी), डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरला लिहायची आणि ते रजिस्टर 3 वर्षं जपायचं. अमॉक्सिसिलिन साध्या शेड्यूल एचमध्ये, पण चिठ्ठी तिलाही लागते. एकट्यानं नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं हे मला कळतं, म्हणून हे एकट्याचं काम नाही, तालुक्यातल्या सगळ्या दुकानांनी एकत्र ठरवायचं आणि एफडीएनं (अन्न व औषध प्रशासनानं) मागं उभं राहायचं. केरळात 2024 मध्ये ऑपरेशन अमृत म्हणून चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांवर धाडी सुरू केल्या, तेव्हा नियम पाळणाऱ्या दुकानदाराचं नुकसान निदान एकट्याचं तरी राहिलं नसेल. तोवर एक करा, स्ट्रिपवरची लाल रेघ (चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही याची खूण) गिऱ्हाइकाला बोटानं दाखवा आणि "ही सरकारनं मारलीय, मी नाही" म्हणा. वाद निम्मा होतो. आणि ट्रेनिंग द्यायचंच तर काउंटरला खरा उभा असतो त्या पोराला द्या, लायसन्स भिंतीवर कुणाचंही असो.

प्रश्न: मी मंडणगडकडची आशा आहे. आम्हाला श्वास मोजायचं ट्रेनिंग झालं, पण घरचे म्हणतात, तू काय डॉक्टर आहेस का. याचा अँटिबायोटिकशी काय संबंध?

उत्तर: ताई, फार मोठा संबंध आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पोटाची हालचाल मोजायची. 2 महिने ते 1 वर्ष वयाला 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांना 40 किंवा जास्त, तर न्यूमोनियाची शंका, अमॉक्सिसिलिन लागणार आणि बाळ पुढे पाठवायचं. 2 महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर 60, आणि मग जराही थांबायचं नाही. छाती आत ओढत असेल, दूध पीत नसेल तर आकडा कितीही असो, गाडी बोलवा. आणि श्वास नॉर्मल, नाक नुसतं वाहतंय, बाळ खेळतंय, तर अँटिबायोटिक नाही. बघा म्हणजे, द्यायची का नाही हे तुम्ही एका मिनिटात सांगता, ते सुद्धा एक्सरे नसताना. सरकारच्या पैशातून झालेलं सगळ्यात स्वस्त आणि कामाचं ट्रेनिंग मी कुठलं म्हणेन तर हेच. घरच्यांना पुढच्या वेळी घड्याळ हातात द्या आणि त्यांनाच मोजायला सांगा.

प्रश्न: खाडीलगत कोळंबीचे तलाव आहेत, रायगड. पांढरे ठिपके आले की औषधवाला अँटिबायोटिक टाक म्हणतो. आमच्यासाठी सरकारी काही आहे का?

उत्तर: पांढऱ्या ठिपक्यांचा तो रोग व्हायरसचा, त्यात अँटिबायोटिक म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. वर क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही कोळंबीत बंदीच आहेत, माल युरोपला गेला आणि अंश सापडला की अख्खं कन्साइनमेंट परत. कोलिस्टिन जनावरं, कोंबड्या, मासे सगळ्यांना 2019 पासून बंद. तुमच्याकडेही तेच, शिकवणारा आणि विकणारा एकच माणूस, औषधवाला. त्याच्याऐवजी समुद्री उत्पादनं निर्यात प्राधिकरणाच्या, म्हणजे एमपीईडीएच्या लोकांना विचारा, त्यांचं कामच ते आहे. किंवा रत्नागिरीला शिरगावला दापोली कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे तिथं फोन करा. कोळंबी आणि पाण्याचा सॅम्पल कसा न्यायचा ते आधी विचारून घ्या, मेलेली दोन दिवसांची कोळंबी पिशवीत घालून नेलीत तर ते काही सांगू शकणार नाहीत.