तिखट विकायला एमबीए कशाला?

प्रश्न : माझं बीबीएचं शेवटचं वर्ष आहे. नागपूरच्या महाल भागात बाबांचं किराणा दुकान आहे. तिथे मी भिवापुरी मिरचीचं तिखट 200 ग्रॅमच्या काचेच्या बरणीत 240 रुपयांना ठेवलं. ओळखीच्यांनी घेतलं, पण दुसऱ्यांदा कुणी आलं नाही. मला अशाच उंची खाद्यपदार्थांच्या मार्केटिंगमध्ये जायचंय. बाबा म्हणतात, तिखट-हळद विकायला एमबीए कशाला? काय करू?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे. एमबीए कर, पण आत्ताच नको. आधी त्या बरणीकडे बघू, कारण तुझा पुढचा सगळा अभ्यासक्रम तिच्यात आहे.

तुझी स्पर्धा कुठल्या मोठ्या ब्रँडशी नाहीच. उन्हाळ्यात इतवारीच्या बाजारातून मिरची आणायची, देठं खुडायची, वाळवून कांडून आणायची आणि वर्षाचं तिखट डब्यात भरून ठेवायचं, ही रीत अजून बऱ्याच घरांत आहे. तो भरलेला डबा तुझा स्पर्धक. त्या डब्याच्या मालकिणीला मिरची तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. भिवापुरी मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हे ती ऐकून घेईल, पण झाकण उघडून वास घेईल आणि रंग बघेल तेव्हाच ठरवेल. आणि रंगाचंच म्हणशील तर मिरचीचा लाल रंग उजेडाने उडतो. पारदर्शक बरणी, दुकानाची दर्शनी फळी, वर नागपूरचं ऊन! जुन्या आणि नव्या बरणीतलं चमचा-चमचा तिखट पांढऱ्या कागदावर शेजारी टाकून बघ. फरक दिसला तर गिऱ्हाईक का परतलं नाही याचं निम्मं उत्तर मिळालं.

आता किंमत. ग्रॅमला 1 रुपया 20 पैसे. रोजच्या वरणभाजीला हा भाव कुणी देणार नाही, आणि देऊही नये. पण रविवारी आठशे रुपये किलोचं मटण आणणाऱ्या घरात सावजी रश्श्याला पंचवीस ग्रॅम तिखट लागलं तर ते तीस रुपयांचं होतं. तिथे ती बाई हात आखडत नाही. मग 50 ग्रॅमचं, उजेड न लागणारं पाकीट का नको?

लेबलवर ‘घरगुती’ लिहिलं असशील तर काढून टाक. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामक संस्थेच्या 2018 च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत ‘होम मेड’सारखे दिशाभूल करू शकणारे शब्द चालत नाहीत. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर ती कृती किमान 30 वर्षांपासून चालत आलेली असावी लागते. मुलाखतीला येणाऱ्या फार थोड्या मुलांना हे माहीत असतं.

करिअरचं सांगायचं तर पदवीनंतर दोनेक वर्षं एखाद्या खाद्यपदार्थ कंपनीत सेल्सची नोकरी धर. पदाचं नाव साधंच असेल, पगारही बेताचा. दुपारच्या उन्हात वितरकाच्या गोदामात एक्स्पायरीचा परत आलेला माल मोजावा लागेल. सॅम्पलिंगच्या टेबलामागे उभं राहून बायका चव घेताना एकमेकींना काय सांगतात ते ऐकता येईल. हे वर्गात शिकवता येत नाही. त्यानंतर एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट दे, राज्याची सीईटीही दे. आयआयएम आपल्याच नागपुरात, मिहानमध्ये आहे, आणि कामाचा अनुभव प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडतो. एमबीएसाठी कर्ज काढून लगेच पुण्याला पळण्याची घाई मला पटत नाही. फूड टेक्नॉलॉजीची पदवी नाही म्हणूनही अडणार नाही. नागपूरच्याच एलआयटीत (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत) तो विषय शिकणारी एखादी मैत्रीण जोड. टिकवण आणि पॅकिंगचे प्रश्न तिला विचारता येतील.

आणि बाबांना विचार, महागाचं तूप कुरकुर न करता नेणारी त्यांची गिऱ्हाइकं कोणती. पुढची पाकिटं आधी त्या घरांत जाऊ दे. एमबीएचा विषय पुन्हा काढशील तेव्हा त्यांतलं दुसऱ्यांदा कोण आलं, ती यादी बाबांसमोर ठेव.