कापूस काढून डिसेंबरात पेरलेला गहू उंच वाढतो, ओंब्याही धरतो, मग दाणा बारीक का राहतो?

कारण दाणा भरायची वेळ चुकते. गव्हाला महाराष्ट्रात थंडी मुळातच कमी दिवस मिळते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं तर फुटवे, म्हणजे रोपाच्या बुडातून निघणारे जादा कोंब, थंडीत येतात, फुलोरा जानेवारीत आणि दाणे भरतात ते फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत. महिनाभर उशीर झाला की हे सगळं पुढे सरकतं, पण उन्हाळा काही तुमच्यासाठी थांबत नाही. उष्णता वाढली की पीक घाई करतं: फुटवे कमी, ओंबी आखूड, आणि कोवळ्या दाण्यात दुधासारखा चीक भरायचे दिवसच घटतात. दाण्यात पिठूळ अंश साठायला वेळ न मिळाल्याने तो सुरकुततो. शिफारशीत ढोबळ हिशेब असा देतात की दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटलची घट.

कापूस उभा असताना नोव्हेंबर साधत नाही हे मान्य. मग निदान उशिराच्या पेरणीसाठीचं वाण घ्या, निफाड ३४ सारखं. बियाणं थोडं जास्त टाका, कारण फुटवे कमीच येणार.

पाण्याचंही तसंच. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुळं, फुटतात; तेव्हाचं पाणी चुकलं तर फुटव्यांची भरपाई पुढे होत नाही. दोनच पाणी असतील तर एक तेव्हा आणि दुसरं ६०-६५ दिवसांनी, फुलोऱ्याला. १५ डिसेंबरनंतर? मी तरी गव्हाऐवजी दुसरं काही बघेन.