परवान्याच्या बंदुकीतून चुकून गोळी सुटली, कोणाला लागली नाही, तरी गुन्हा होतो का?

कळवा. आजच पोलिसांना कळवा. भिंतीतली गोळी उकरू नका, भोक बुजवू नका, रिकामी पुंगळी फेकू नका.

तुम्ही लिहिलंय की वडील परवान्याचं पिस्तूल साफ करत होते, 'आपोआप' गोळी सुटली आणि भिंतीत गेली, कोणालाही इजा नाही. तर पोलिसांना सांगायची गरज आहे का, आणि सांगितलं तर काय होईल. त्या 'आपोआप' शब्दामुळे मी हे लिहायला बसलो. हा शब्द आमच्या घरात पंधरा वर्षं भांडण होऊन बसला आहे.

पिस्तूल साफ करताना गोळी सुटते याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. मॅगझिन (गोळ्या भरायचा खण) काढलं, चेंबरमधला (नळीच्या मागच्या घरातला) राउंड, म्हणजे एक काडतूस, तसाच राहिला, आणि उघडण्याआधी कोणीतरी चाप ओढला. वर्तमानपत्रं याला 'मिसफायर' म्हणतात, तेही चूक. चाप ओढूनही काडतूस पेटत नाही त्याला मिसफायर म्हणतात. इथे ते व्यवस्थित पेटलेलं आहे.

आता माझी गोष्ट. माझ्या चुलत्यांकडे, तात्यांकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर एक जुनी बारा बोअरची दुनळी होती, घोडे (चाप ओढल्यावर आपटून काडतूस पेटवणारे हातोडे) बाहेरून दिसणारी. २००९ सालच्या हिवाळ्यात एका रात्री आम्ही रानडुकरं हाकून परत आलो. मी, तात्या आणि आमचे सालगडी, ज्यांना मी लहानपणापासून मामा म्हणतो. तात्यांनी बंदूक ट्रॉलीच्या चाकाला टेकवून उभी केली आणि हातपाय धुवायला गेले. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. बंदूक घसरली, आडवी पडली, उजवा घोडा दगडावर आपटला आणि बार उडाला. बराचसा मातीत गेला. उरलेले छर्रे आठ-दहा पावलांवर उभ्या असलेल्या मामांच्या नडगीत घुसले. हाड मोडलं. मामा ओरडले नाहीत, खाली बसले आणि पायाकडे बघत राहिले. तो चेहरा मला अजून दिसतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते पोलिसांना कळवण्याचं. गोळीची जखम म्हणजे मेडिको-लीगल केस, ती लपत नाही. बंदूक जप्त झाली, पंचनामा झाला, जबाब झाले. माझ्या जबाबात एकच वाक्य होतं: 'बंदूक पडली आणि आपोआप उडाली.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

बंदूक तपासणीला गेली आणि अहवाल आला की घोडा अडवून धरणारी खाच झिजलेली आहे, चाप न ओढता धक्क्याने बार उडू शकतो. तात्यांनी तो अहवाल सगळ्यांना वाचून दाखवला. "बघा, चापाला माझं बोट नव्हतं. यंत्राचा दोष." त्यांचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, आजही हेच म्हणतो.

पण कायदा फक्त बोट कुठे होतं एवढंच बघत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १८ (जुन्या दंडविधानातलं ८०) अपघाताला माफी देतं, मात्र कृत्य कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने केलेलं हवं आणि 'योग्य ती काळजी व सावधगिरी' घेतलेली हवी. जुन्या कायद्यात या कलमाखाली एक उदाहरण दिलेलं आहे: माणूस कुऱ्हाडीने काम करतोय, कुऱ्हाडीचं पातं निसटून जवळच्या माणसाला लागतं आणि तो मरतो. काम करणाऱ्याने सावधगिरीत कसूर केली नसेल तर तो गुन्हा नाही. आणि ही काळजी घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. म्हणजे पातं निसटलं एवढं सांगून भागत नाही. ते सैल आहे हे तुला आधी माहीत होतं का, हा प्रश्न येतोच.

आणि तात्यांना माहीत होतं. त्या घटनेच्या दोन उन्हाळे आधी आम्ही तीच बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेली होती. त्याने घोडा चढवला, अंगठ्याने हलकेच दाबला आणि सांगितलं, "उजवा टिकत नाही, खाच बदलावी लागेल. तोवर यात काडतूस भरून ठेवू नका." तात्या म्हणाले, पुढच्या हंगामात बघू. गाडी मी चालवत होतो. ही गोष्ट मी जबाबात सांगितली नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कोणालाही लागलं नाही म्हणून प्रकरण शून्य होत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम २५ ला पोटकलम ९ जोडलं गेलं: बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे बंदूक वापरून इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे लग्नातल्या हवेतल्या गोळीबारासाठी आहे असं लोक समजतात. ते त्याच्यासाठीही आहे, पण वाक्यात 'निष्काळजीपणे' हा शब्द वेगळा आहे. न्याय संहितेचं कलम १२५ ही लागू शकतं: नुसता धोका निर्माण झाला तर तीन महिन्यांपर्यंत, इजा झाली तर सहा महिन्यांपर्यंत, जबर इजा झाली तर तीन वर्षांपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी दंडाचा पर्याय. माणूस गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. जुन्या ३०४-अ मध्ये हे दोनच वर्षं होतं. त्यापुढे जाऊन, धोका कळत असताना गर्दीत बार काढला तर तो निष्काळजीपणाही राहत नाही. लग्नातल्या अशा गोळीबारात मृत्यू झाल्याच्या एका खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने खून मानला नाही, पण सदोष मनुष्यवध मानला.

म्हणून तुमच्याकडे खरा प्रश्न हा आहे की त्या वेळी खोलीत आणि भिंतीपलीकडे कोण होतं. ही कलमं इतरांच्या सुरक्षिततेबद्दल बोलतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, तेव्हा अनेकांनी विचारलं की स्वतःलाच लागली तर पोलीस कशाला? पोलीस लागतात, कारण गोळी कशी सुटली हे कोणीतरी तपासायला हवं, आणि हत्यार परवान्याचं असतं.

परवान्याचं प्रकरण खटल्यापासून वेगळं चालतं, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मामांनी न्यायालयात सांगितलं की तात्यांबद्दल तक्रार नाही. इजेच्या कलमांत जखमी माणसाच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होते, तशी झाली. (ज्याचं घर आमच्या सालावर चालत होतं, त्याची 'तक्रार नाही' किती मोकळ्या मनाची होती, हे मी मामांना कधी विचारू शकलो नाही. उपचाराचा खर्च आम्ही केला. ते अजून लंगडतात.) दादा म्हणाला, मिटलं. मिटलं नव्हतं. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, त्यासाठी शिक्षा व्हावी लागत नाही. नोटीस आली, चौकशी झाली, आणि चौकशीत दुरुस्तीवाल्याची नोंदवही निघाली. तारीख, बंदुकीचा क्रमांक आणि पुढे शेरा: उजवा घोडा सदोष, ग्राहकाने काम करून घेतले नाही. परवाना रद्द झाला. त्याच अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

माझ्या मते ते योग्यच झालं. तात्या वाईट माणूस नव्हते, मला नांगर धरायला त्यांनी शिकवलं. पण सदोष दुनळी भरून चाकाला टेकवणाऱ्या माणसाकडे बंदूक नको, मग तो माझा चुलता का असेना.

आज माझ्या स्वतःच्या नावावर पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आहे. घरात आलं की पहिल्यांदा ते रिकामं होतं, सहाही घरं मी बोटाने चाचपतो, गोळ्या वेगळ्या कपाटात जातात. बायको समोर असेल तर तिलाही दाखवतो. सेफ्टीची कळ लावली आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना सांगतो: कित्येक बंदुकींत सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही.

तर वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात जा, पिस्तूल रिकामं करून आणि परवान्याचं पुस्तक सोबत ठेवून. काडतुसांचा हिशेब जुळवून ठेवा, एक कमी का हे विचारतील. भिंत लिंपून टाकणं हा पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा ठरू शकतो. आणि अर्जात 'आपोआप' लिहू नका. चेंबर तपासला नव्हता तर तसंच लिहा.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: मी वकील नाही. जबाब देण्यापूर्वी फौजदारी वकिलाला भेटा, तो वरचं माझं शेवटचं वाक्य कदाचित बदलायला सांगेल. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला आरोपीला भाग पाडता येत नाही, राज्यघटनेच्या कलम २०(३) चा तो हक्क वडिलांनाही आहे. आमचं प्रकरण जुन्या दंडविधानाखालचं होतं. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला नवी संहिता लागते. आणि पिस्तूल वडिलांऐवजी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या, विशेषतः मुलाच्या हातात असेल, तर मी लिहिलेलं पुरेसं नाही, ते प्रकरण जास्त गंभीर आहे.

माझ्या ओळखीचे लोकही इथे वाचतात, म्हणून हेही लिहितो. दादाला पंधरा वर्षं वाटतंय की दुरुस्तीवाल्याचं नाव मी दिलं आणि घरातली बंदूक घालवली. दादा, मी दिलं नाही. द्यायला हवं होतं, आणि पोलिसांच्या नाही, तुझ्या कानावर घालायला हवं होतं, त्या दोन उन्हाळ्यांत कधीही. तुला माहीत असतं तर तू त्या रात्री काडतुसं काढून घेतली असतीस.