ड्रंक अँड ड्राइव्हची केस झालेल्याला ट्रकवर पहिली नोकरी कशी मिळेल?

तुमचं वय २४. दोन वर्षांपूर्वी बाईकवर असताना दारूच्या तपासणीत सापडलात, कोर्टात दंड भरला, सहा महिने लायसन्स निलंबित राहिलं. आता हेवी, म्हणजे जड वाहनाचं लायसन्स निघालंय, पण पुण्याजवळचं चाकण, तळवडे, निगडी सगळं पालथं घालूनही कुणी स्टेअरिंग हातात देत नाही. केस सांगावी की झाकावी, असं तुम्ही विचारलंय.

सांगा. शेठने विचारायच्या आधी सांगा. मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय, म्हणून ठामपणे लिहितोय.

२०११ साली, मी तेविशीत असताना, पहाटे चारला शिरवळजवळ माझ्या टेम्पोने पुढच्या मोटारसायकलला मागून धडक दिली. मला डुलकी लागली होती. त्या माणसाचा पाय मोडला, जीव वाचला. माझ्यावर हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल झाला आणि नोकरी त्याच दिवशी गेली. पुढचे चार महिने मी जाईन तिथे "पाऊस होता, तो अचानक आडवा आला" असंच सांगत होतो. एकानेही ठेवलं नाही. शेवटी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एका म्हाताऱ्या शेठनी लायसन्स उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "काय झालं होतं?" त्या दिवशी तोंडातून खरं निघालं. "डुलकी लागली, शेठ. सलग दुसरी रात्र होती." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गाडी देणार नाही. क्लिनर म्हणून चढतोस का?"

चढलो. सात महिने ताडपत्री ओढली, रस्से आवळले, टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून आवाज ऐकायला शिकलो. हवा बरोबर असलेला टायर टणक वाजतो, कमी असलेला भद्द. साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा बोगदा यायच्या आधीच उस्ताद, म्हणजे गाडीचे मुख्य ड्रायव्हर, खालचा गिअर टाकायचे. बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आणि वळण. तिथे पोचल्यावर गिअर शोधत बसणाऱ्याचा उशीर झालेला असतो. भरलेली गाडी उतारावर न्यूट्रल करायची नाही आणि नुसत्या ब्रेकवर उतरवायची नाही, हे मी त्या सीटवर बसून शिकलो. ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात ते कळलं नव्हतं.

आता माझ्या स्वतःच्या चार गाड्या आहेत आणि ड्रायव्हर मी ठेवतो. त्यामुळे मालकाच्या मनातली भीती तुम्हाला नेमकी सांगू शकतो. तुम्ही कधीकाळी प्यायला होतात याचा त्याला तितका धसका नसतो. त्याला धसका असतो विम्याचा. गाडीच्या पॉलिसीत अट असते की चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं आणि तो त्या वेळी अपात्र ठरवलेला नसावा. अपघात झाला आणि ड्रायव्हरचं लायसन्स निलंबित निघालं, तर भरपाईचं ओझं मालकाच्या डोक्यावर येतं. एका अपघातात गाडी विकायची पाळी येते. म्हणजे तुमची जुनी, संपलेली केस विम्याच्या आड येत नाही. चालू निलंबन येतं. हा फरक बऱ्याच छोट्या मालकांना माहीत नसतो. तो तुम्ही कागद समोर ठेवून दाखवायचा.

कोणते कागद? कोर्टाच्या निकालाची प्रत, दंडाची पावती, निलंबन संपल्याचं आरटीओचं पत्र किंवा नोंद. रिफ्रेशर कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र. लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून स्वतःची स्थिती आधी बघा. तिथे अजून निलंबितच दिसत असेल तर आरटीओत जाऊन ते सरळ करून घ्या आणि मगच नोकरीला फिरा. मी माणूस समोर बसलेला असतानाच मोबाईलवर हे उघडतो, दुसरेही उघडतात. लपवलेलं निलंबन तिथे दिसलं की बोलणं तिथेच संपतं. बाईकवरची थकलेली चलानंही भरून टाका. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम २५ लक्षात ठेवा: लायसन्सवर शेरा मारलेला असेल आणि त्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर शेरा नसलेलं लायसन्स मागता येतं. वेगमर्यादेच्या गुन्ह्याला ही मुदत एक वर्षाची आहे.

पैसे घेऊन "रेकॉर्ड साफ करून देतो" किंवा "दुसऱ्या राज्यातून नवीन लायसन्स काढून देतो" म्हणणारे एजंट तुम्हाला भेटतील, कदाचित भेटलेही असतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. एका वेळी दोन लायसन्स बाळगणं बेकायदेशीर आहे. आज तुमची केस मिटलेली आहे; त्या वाटेने गेलात तर न मिटणारी सुरू होईल. तसंच, अडलेला पोरगा बघून काही मालक मूळ लायसन्स स्वतःकडे ठेवून घेतात, कोऱ्या कागदावर सह्या मागतात. झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका, कोऱ्यावर सही तर कधीच नाही.

जागा कुठे शोधायची, तर आत्ता मोठ्या कंपन्या, टँकर, केमिकलची गाडी यांचा नाद सोडा. तिथे पोलीस व्हेरिफिकेशन आणि काही वर्षांचा अनुभव दोन्ही मागतात. हेवी लायसन्स हातात आहे म्हणून पहिल्याच दिवशी चौदाचाकी मिळावी, हा हट्टही सोडा. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, टाटा ४०७ यांवर वर्षभर लोकल मारा. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, त्यामुळे या गाड्यांवर मालक नवख्याला घ्यायला कमी कचरतात. मार्केट यार्डातला भाजीचा माल, कुरिअर, चाकणच्या कारखान्यांचे सुटे भाग, काहीही चालेल. एका मालकाकडे एक वर्ष, एकही ओरखडा नाही आणि त्या मालकाचा फोन नंबर. पुढच्या शेठला याहून मोठं सर्टिफिकेट लागत नाही. तो फोन लावतोच. मी तरी लावतो.

वर्षभर कमी पगारावर थांबणं जमत नसेल तर दुसरा रस्ता लांब पल्ल्याच्या गाडीवर जोडीचा ड्रायव्हर म्हणून चढण्याचा. नागपूर, हैदराबाद अशा लाईनवर दोघे लागतात. उस्ताद चांगला मिळाला तर सहा महिन्यांत हात बसतो. उस्ताद पिणारा असेल तर पहिल्याच ट्रिपनंतर उतरा, पगार बुडाला तरी. तुमच्या नावावर एक केस आहे. त्याच्या बाटलीचा वास तुमच्या अंगाला चिकटेल.

आता दारूचं. शेठ तुम्हाला विचारणारच, "सुटली का?" याचं खरं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि रात्री उशिरापर्यंत प्यायलेली सकाळच्या लोडिंगला रक्तात असू शकते. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि ड्रायव्हरकी संपली असं समजा. अजून अधूनमधून चालू असेल तर नोकरीच्या आधी ते बघा. येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे ड्रायव्हर मंडळीही जातात, त्यात लाज कसली. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. आमच्या लाईनमधली चांगली हाताची पोरं मी यात गेलेली पाहिली आहेत.

ट्रायलला बोलावलं तर थेट केबिनमध्ये चढू नका. आधी गाडीभोवती एक फेरी मारा: टायर, खालचं ऑईल, मागचे दिवे, रस्से. मग चढा, आरसे स्वतःच्या उंचीला लावा, गाडी चालू करा आणि एअर प्रेशरचा काटा वर येईपर्यंत थांबा. घाई झालेला पोरगा इथेच ओळखू येतो. रिव्हर्स घेताना अंदाज आला नाही तर उतरून बघा, दोनदा उतरावं लागलं तरी उतरा. परवा एक मुलगा माझ्याकडे गोडाऊनच्या दाराशी गाडी लावताना तीनदा उतरला. बाकीचे ड्रायव्हर हसत होते. त्याच्या लायसन्सवरही जुनं निलंबन होतं, ते त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. सोमवारपासून तो ४०७ वर आहे.